छापील पत्र म्हणजे नोटीस

मंगळवार, २३ नोव्हेंबर १९९९

रागाने अजून अक्षर नीट येत नाही. नव्या गुळाची आवक सुरू झाल्याची चाळीस पत्रं मी दुकानातल्या कम्प्युटरवर तासाभरात तयार केली. प्रत्येकावर त्या त्या गावच्या दुकानदाराचं नाव. तीन महिने क्लासला गेले ते याचसाठी ना?

शेठनी गठ्ठा बाजूला सारला. "अहो मॅडम, छापील कागद बघून माणूस आधी घाबरतो. त्याला वाटतं, कोर्टाची नोटीस आली. तुमचं अक्षर चांगलंय, हाताने लिहा."

"मग कम्प्युटर कशाला घेतलात?"

"असावा दुकानात एक. शोभतो."

शोभतो! खंडेनवमीला पूजेत घातलेला झेंडूचा हार अजून त्याच्यावर वाळतोय.

बाबा याच मार्केट यार्डात हमाली करतात. मी घरातली पहिली पदवीधर. हमालांच्या अख्ख्या टोळीला सांगून आलेत, "आमची पोरगी कम्प्युटरवर बसते." त्यांना आज काय सांगू? दिवसभर पेनाने नक्कल केली म्हणून?

आणि केली की मी, मुकाट्याने! शेठपेक्षा जास्त राग त्याचाच येतोय. एकोणचाळीस पत्रं लिहिली. लोणंदच्या दुकानदाराचं चाळिसावं मात्र छापीलच ठेवलं. शेठ सगळ्या पत्रांना लावतात तसं त्याच्याही चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, पाकीट चिकटवलं आणि स्वतः पेटीत टाकलं.

निघताना तो वाळका हारही काढून टाकला. आता लोणंदचा माणूस घाबरून येतो की गूळ न्यायला येतो, ते बघूच.