चांद्याचा गोंडा

ती. संघपालदादा,

पुण्याहून प्रीतीचा सप्रेम जय भीम.

मी मजेत हाय. दवाखान्यातली ड्यूटी बराबर चालू हाय, जेवण बी चांगलं मिळतं. आईचा गुडघा कसा हाय?

जत्रेसाठी आपल्या चांद्या बैलाच्या कपाळाला बांधायचा गोंडा पाठवून राह्यले. लाल लोकर संपली, मंग खाली थोडी हिरवी लावली.

चांद्या आता थकला, जत्रेतच त्याचा सौदा करायचं तुझ्या मनात हाय, असं आई फोनवर बोलली. मी काय म्हणू? शेती तू करतोस.

फक्त आजोबांपासूनची रीत ध्यानात ठेव. लेकीनं विणलेला गोंडा तिनंच सोडायचा, अन् तो सुटेस्तोवर बैल विकायचा न्हाई.

मला औंदा सुट्टी मिळायची न्हाई, दादा.

तुझी हट्टी बहीण,
प्रीती