नलीचं गाणं, पारंपरिक म्हणे

३ नोव्हेंबर, सोमवार
संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं, द्वारका सिग्नल. वेळ लिहून ठेवते, पुढे लागेल. आयुष्य कोर्टात स्टेनो म्हणून गेलं. तारीख-वेळ नसलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर.
रिक्षात होते. रिक्षावाल्याच्या मोबाइलवर नली गात होती.
नलीच. 'वाळत घातली हाक दोरीवरी, वारा सुटला तर येईल तुझ्या दारी.' नोकरीला लागलो तेव्हा होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं केलेलं. शब्द तिचे, चाल तिची. आणि खाली धडाधड ढोल.
"दादा, हे कुठलं गाणं?"
"लय चालतंय काकू सध्या. पोरी नाचत्यात यावर."
नाचत्यात. घरी आले. भाजीची पिशवी रिक्षातच राहिली.

४ नोव्हेंबर
शेजारच्या स्वप्नानं मोबाइलवर शोधून दिलं. बनवणाऱ्याचं नाव 'तिसरा मजला'. हे नाव आहे की पत्ता? खाली बारीक अक्षरांत: संगीत व निर्मिती, तिसरा मजला. मूळ गीत, पारंपरिक.
पारंपरिक! म्हणजे कोणाचंच नाही, रस्त्यात सापडलं, खिशात घातलं. त्या दोन ओळींसाठी नलीनं माझे दोन रविवार खाल्ले होते. परंपरेला तेव्हा चहा मी करून देत होते.

५ नोव्हेंबर
सकाळपासून ऐकतेय. दुसरं कडवं नाहीच. ते मी एकटी म्हणायचे. 'नाहीच सुटला तर मीच येते, कडी तेवढी काढून ठेव.'
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी नलीला वरचा आवाज दिला, मला खालचा. म्हणाल्या, "विजया, तुझं काम भिंतीसारखं. दिसायचं नाही, पडायचंही नाही." तेव्हापासून नली गायली की खाली मी. होस्टेलवर हे गाणं टेप केलं, त्या टेपवरही. टेप एकच, माइक एकच, डोक्याला डोकं लावून गायलो होतो. आता नली तशीच आहे आणि मी नाही. जिथे मी होते तिथे ढोल.
हे जमलं कसं?

६ नोव्हेंबर
आमच्या कोर्टातले जुने केळकर वकील. चहा पाजला, फी घेतली नाही. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. नोंदणी केली नाही म्हणून रचणाऱ्याचा हक्क जात नाही, नोंदणी पुराव्याला बरी. दुसऱ्याच्या मुद्रणातला तुकडा उचलायचा तर आधी परवानगी.
"बाई, तुम्हाला हवंय काय? भरपाई?"
"नाव."
"तुमचं?"
"तिचं."
"मग त्यांनाच येऊ दे. असतात कुठे त्या?"
सुरतेला, म्हटलं. असेल. लग्न होऊन तिकडे गेली. वर्षभर पत्रं, मग आधी कोणी लिहायचं यावर अडलं. ते अजून अडलेलंच आहे.

७ नोव्हेंबर
'तिसरा मजला' यांस नोटीस, ईमेलनं. गाणं जिथे जिथे लावलंय तिथे तक्रार. स्वप्ना म्हणाली, "काकू, जरा सौम्य लिहा." 'उचलेगिरी' खोडून 'अपहार' केलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी फोन.
"मॅडम, मी ऋतुजा. तिसरा मजला."
मुलगी! मी तयार ठेवलेल्या शिव्या सगळ्या पुरुषांच्या.
"गाणं चोरताना लाज वाटली नाही?"
"चोरलं नाही हो. आजीनं टेप दिली. नलिनीआजी. माझ्या आईची आई."
बसले. मग विचारलं, असते कुठे?
"सिन्नरला, आमच्याकडे. आजोबा गेल्यापासून."
सिन्नर. इथून तासाभराचं. आणि मी सुरतेवर रागावून बसले होते!
"मग पारंपरिक कशाला लिहिलंस?"
"मी आजीचं नाव लावत होते. तिनंच लावू दिलं नाही. गाणं दोघींचं, विजूला विचारल्याशिवाय माझं एकटीचं नाव नको. आणि तुमचा पत्ता कोणालाच माहीत नाही. मग म्हटलं, पारंपरिक. सगळे तेच लिहितात."
"सगळे गाढव. आणि माझा आवाज?"
"त्याचीही परवानगी नव्हती ना. आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर असतं. तुमचा काढला. पण टाकला नाही हं मॅडम, नीट जपून ठेवलाय."
परवानगी नाही म्हणून पुसलं. इतक्या वर्षांत कोर्टात असा आरोपी पाहिला नाही.
"आजीला फोन दे."
"आजी बोलत नाही आता."
"माझ्याशी?"
"कोणाशीच. घशाचं मोठं ऑपरेशन झालं. आवाज गेला. पाटीवर लिहिते."

१३ नोव्हेंबर
काही केलं नाही.
शाळेत नलीला गप्प बसायची शिक्षा दिली की ती दहा मिनिटांत रडकुंडीला यायची. फटके द्या, म्हणायची, पण बोलू द्या.

१५ नोव्हेंबर
ऋ.नं दोन फायली पाठवल्या. एकीत नुसती नली, ढोलबिल काही नाही. दुसरीत नुसती मी.
माझी आधी लावली. चोविसाव्या वर्षीची, नाकात गाणारी. ठीक.
मग तिची. आम्ही इतकं गायलो, पण नलीला एकटीला मी कधी ऐकलंच नव्हतं. मी कायम तिच्याबरोबर गात असायचे, ऐकणार कशी? 'दारी'वर ती किंचित थांबते. मी उचलावं म्हणून. थांबते आणि कोणी येत नाही.
स्वप्ना कुकरचं झाकण मागायला आली होती. दार उघडलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तक्रारीमुळे गाणं अडकलंय. ऋ. म्हणते, दोघींनी सही केलेली ना हरकत पत्रं ५ डिसेंबरपर्यंत दिली तर खरी नावं लागतील, माझा आवाज परत घालता येईल, नोंदणीचा अर्जही त्याच नावांनी करता येईल. नाही दिली तर गाणं कायमचं काढून टाकतील.
"आजीची सही झाली?"
"पाटीवर लिहिलं, विजूची आधी."
"तिला सांग, नलीची आधी. गाणं तिचं आहे."
"तुम्ही दोघी काय शाळेत आहात?"
शेफारलीय पोरगी. आवडली.

२० नोव्हेंबर
विचारायचं नव्हतं, विचारलं. "ती ऐकते का गं तुझं गाणं?"
"नाही. एकदा ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, अर्धं आहे. जुनी टेप ऐकते. रोज दुपारी. तुमचं कडवं आलं की ओठ हलतात."
"माझ्याबद्दल काही?"
"लिहिते आणि लगेच पुसते. मला वाचता येत नाही, मॅडम."

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी आवरून बसस्टँडला गेले. इरकल नेसले होते, उगाच. सिन्नरची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "चला मावशी, जागा हाय." उभी राहिले. न बोलावता कसं जायचं? आणि गेले तर मी बोलणार, ती लिहिणार? भांडायचं कसं? आम्हा दोघींना दुसरं काय येत होतं, गाणं आणि भांडण.
गाडी गेली. पुढची लागली, तीही. पेरू घेऊन परत.

२४ नोव्हेंबर, सोमवार
पुरे झालं. मसुदा पक्का. उद्या रजिस्टर्ड पोस्टानं.

श्रीमती नलिनी, रा. सिन्नर, हिला नोटीस देण्यात येते की:
सदर गाण्याचे शब्द व चाल तुझी एकटीची आहेत. मी सोबत चहा केला, त्याने हक्क उत्पन्न होत नाही. माझा फक्त खालचा आवाज. तो परत घालण्यास माझी ना हरकत. सही करून पत्र सोबत जोडले आहे. माझी सही आधी झाली, याची नोंद घ्यावी आणि पुन्हा कधीही हा विषय काढू नये.
तू सिन्नरला येऊन राहिलीस आणि मला शोधले नाहीस, यास मात्र माझी सक्त हरकत आहे. मीही शोधले नाही, हा बचाव तू घेशील. घे.
ऑपरेशनचे मला परक्या मुलीकडून कळावे, हे अजून गिळता आलेले नाही.
तरी मी भेटायला यावे किंवा कसे, हे तुझ्या हातचे लेखी कळवावे. पाटी चालेल, ऋतुजाकडून फोटो पाठव, परंतु त्याआधी पुसू नये. उत्तर शुक्रवार, ५ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांच्या आत मिळाले पाहिजे. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास मीच येते.