वाकून गेलेली पोर

जकार्ता, रविवार

आई, आधी तुझ्या गुडघ्यांवर डोकं टेकवते, मग पुढचं लिहिते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. माझा गुडघा पायऱ्या चढताना थोडा कुरकुरतो, एवढंच.

फायनल टीव्हीवर पाहिलीस ना? हरले, पण वाईट वाटलं नाही. शटल दिव्यांखाली असं तरंगत होतं, जसं बाबांच्या अंगणात बदकाचं पीस तरंगतं. त्याला खाली यायची घाईच नव्हती. मी बघत राहिले आणि ते पडलंसुद्धा.

माझ्या पहिल्या फायनलला समोर सुलास्त्रीताई होती, आठवतं? बाजू बदलताना मी सवयीनं उजवा हात खाली सोडून तिच्यापुढून वाकून गेले, वडीलधाऱ्यांपुढून जायला तू शिकवलंस तशी. सर खेकसले, "हिला हरवायला आलीयस की चहा द्यायला?" बाकावरचे सगळे हसले. ताई नाही हसली. मी जिंकल्यावर माझ्या कानात म्हणाली, "तू वाकलीस ना, तेव्हाच कळलं गं, माझं झालं आता."

आज बाजू बदलताना समोरची ती नवी पोर, निमास, हात खाली सोडून माझ्यापुढून वाकून गेली.

मला हसू आलं. म्हटलं, "जा बाळा."

अंगणातले बॅडमिंटनच्या जाळीचे बांबू अजून उभे आहेत का? बाबांचा खोकला कसा आहे? गुरुवारी घरी येतेय, चमेलीचा चहा जरा जास्त टाक. सरांना अजून बोलले नाही, पण या खेपेला परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझीच,
वेनिंग