दोन्ही नसा शाबूत

१० नोव्हेंबर
परळच्या हॉस्पिटलात आजच दाखल झाले. खोली झकास आहे, खिडकीतून शिवडीकडचं पाणी चमकतं. सिद्धार्थ म्हणाला, काय बायको, ऑपरेशनला आलीयस की माथेरानला? मी म्हटलं, शाळेत शिकवताना इतकी वर्षं घसा फोडल्यावर ही सुट्टीच की!

संध्याकाळी डॉ. वैदेही तळपदे आल्या. थायरॉइडला अगदी चिकटून आवाजाच्या दोन नसा जातात, दोऱ्याएवढ्या. ऑपरेशनभर एक यंत्र त्यांच्यावर लक्ष ठेवतं. नस ठीक असली की वाजतं. दोन्ही गेल्या तर? मी विचारलं. तर श्वासाची वाट मिटते, गळ्याला भोक पाडावं लागतं. पण मी ती वेळ येऊ देणार नाही, म्हणाल्या. बाई मला आवडल्या.

१२ नोव्हेंबर
थायरॉइडची डावी बाजू काढताना यंत्र मध्येच गप्प झालं म्हणे. बाईंनी तिथेच थांबवलं. उजवी नंतर. नस तुटलेली नाही, दुखावलीय, आवाज येईल. तोवर घशातून नुसती हवा. ऋग्वेदाला गंमत वाटते. आमची दुसरीतली पोर, माझे हातवारे ओळखत बसते.

१ डिसेंबर
दादरला, घरी. आवाज आला! सिद्धार्थने चहाचं विचारलं आणि तोंडातून खणखणीत निघालं, "हो, दे." तो रडलाच.
मला चहा नको होता.

४ डिसेंबर
मनात एक जुळवते, तोंडातून दुसरंच येतं. गोड, नीटस. शेवटी कागदावर लिहून सिद्धार्थला दिलं: हे मी बोलत नाहीये. त्याचं वाचून होण्याआधीच माझं तोंड हसलं.
"गोळ्यांनी डोकं जड झालंय रे. काहीबाही लिहिते."
त्याने कागदाची घडी केली, माझ्या केसांवरून हात फिरवला.

७ डिसेंबर
ओढणीने तोंड बांधून बसले. श्वास कोंडला. सोडावीच लागली. सोडल्याबरोबर आवाज बोलू लागला —

९ डिसेंबर
ऋग्वेदा गॅलरीत होती. चौथा मजला. माझ्या तोंडून आलं, "सोन्या, कठड्यावर चढ. बाबा दिसतोय बघ."
ती चढली. मी धावत जाऊन ओढली. दंडावर माझी बोटं उमटलीत.
ती बाबाला सांगत होती, आईनेच चढ म्हटलं. आवाज म्हणाला, घाबरलीय पोर, थोडक्यात वाचली. त्याने माझे आभार मानले. माझे.

१३ डिसेंबर
पुन्हा परळ. उद्या उजवी बाजू. बाईंच्या हातात कागद दिला: दोन्ही नसा कापा. भोक पाडा. माझ्या मुलीसाठी. त्यांनी वाचला, तोच तोंडातून आलं:
"भीती वाटतेय हो, डॉक्टर. नसा तेवढ्या जपा."
बाईंनी माझा हात धरला. जिवापाड जपेन, म्हणाल्या.

१५ डिसेंबर
यंत्र शेवटपर्यंत वाजत होतं. दोन्ही नसा शाबूत. सगळे खुश. सलाईनचा हात सुजलाय, अक्षर —

आवाज सिद्धार्थला म्हणाला, तू खाऊन ये, पोर राहू दे माझ्यापाशी. तो गेला.

आवाज तिला जवळ बोलावतोय. दात आवळलेत तरी — तिला वाचता येतं थोडं — मोठं लिहून दाखवते —

ऋग्वेदा
बाहेर पळ
आईचं ऐक