दुसऱ्याचा हात लागलेलं चित्र

सर, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि आज मी तुमच्यावर चिडलेय. काल कोथरूडला नव्या चित्रकारांच्या स्पर्धेत आम्ही तिघं परीक्षक होतो. एका मुलीनं कात्रजच्या चौकातली गर्दी भिंतभर रंगवून घेतली होती. घेतली होती म्हणजे कल्पना तिची, आखणी तिची, रंगकाम मात्र दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका काकांचं. खालच्या चिठ्ठीवर दोघांची नावं. बाकीचे दोघं परीक्षक तिला पहिलं बक्षीस द्यायला निघाले होते. माझं डोकंच फिरलं. "ब्रश दुसऱ्याच्या हातात देऊन चित्रकार होता येतं होय? मग कंत्राटदार म्हणा की स्वतःला," मी तिला तोंडावर म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणून तर काकांचं नाव लावलंय, मॅम. तुमच्या चित्राला कधीच दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही का?" "नाही," मी म्हटलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेले काका शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. ती आणि काका गेल्यावर मी हट्टानं तिला बाद करायला लावलं, आणि बक्षीस देवळाच्या एका गुळगुळीत जलरंगचित्राला ठरलं.

घरी येईपर्यंत तुमचाच आवाज कानात. "ऊठ जरा." चित्रकलेच्या क्लासमध्ये कुणाच्याही मागे येऊन तुम्ही एवढंच म्हणायचात. मी बारावीत आहे. आई स्वयंपाकघरात फरशीवर बसून मेथी निवडतेय, हे चित्र महिनाभर चाललंय. तुम्ही येता, माझ्या जागेवर बसता आणि माझाच ब्रश घेऊन दहा मिनिटांत आईचे हात नव्यानं रंगवता. मी फडकं धरून बाजूला उभी. "आता बघ," म्हणता आणि पुढच्या मुलाकडे जाता. आईचं एक बोट वाकडं होतं, सर, लहानपणी दारात चेंगरलेलं. मी ते तसंच काढलं होतं. तुम्ही सरळ करून टाकलंत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? विचारायचं तरी. मी काढलेले हात कच्चे दिसले असते तर दिसले असते, माझे तरी असते. आणि संताप याचा येतो की तुमचे हात खरंच सुंदर झाले होते.

त्या चित्राला राज्यात पहिलं बक्षीस मिळालं. त्यावर कॉलेजात प्रवेश, मग नोकरी, मग कालची ती परीक्षकाची खुर्ची. जो तो म्हणायचा, हात काय जिवंत आलेत. मी हसून मान डोलवायचे. कोपऱ्यात सही माझी एकटीची, आणि तुम्ही क्लासभर पेढे वाटलेत. त्या पोरीनं निदान चिठ्ठी तरी लावली.

हे पत्र वहीतच राहणार. सकाळी संयोजकांना फोन केला. निकाल रविवारी आहे, अजून बदलता येईल म्हणाले. "पण कारण काय लिहू, मॅडम?" मी म्हटलं, पुन्हा विचार केला, एवढंच लिहा. तुमचं नाव सांगायचं ठरवूनच फोन लावला होता, सर. तोंडातून निघालं नाही.