तल्लफ शून्य

सोमवार, ६ जानेवारी

आलो एकदाचा. चिंचोळी एमआयडीसीच्या पाठीमागे दुमजली पांढरी इमारत, अंगणात कडुनिंब, वरच्या मजल्यावर आमची खोली. खाटा दोनच. वीस वर्षं ट्रकच्या केबिनमध्ये पाय दुमडून झोपलेल्या माणसाला इथे उशीसुद्धा मिळाली, म्हणजे चैनच.

आइसचं, म्हणजे त्या काचेच्या चुऱ्यासारख्या नशेचं, व्यसन सोडवणाऱ्या नव्या औषधाची इथे चाचणी आहे. सलग तीन दिवस जागून गाडी हाकता यावी म्हणून मी आइस ओढायला लागलो. मग गाडी गेली, लायसन गेलं आणि शेवटी जुलेखा समराला घेऊन अकलूजला माहेरी गेली. समरा सात वर्षांची आहे.

नर्स सोनालीताई नातेपुत्याच्या. त्यांनी सगळा कागद वाचून दाखवला. इच्छा असेल तेव्हा बाहेर पडता येतं, कारण विचारत नाहीत, नुसती सही करायची. दाराला कुलूप नाही. फक्त इच्छा माझी पाहिजे, जा किंवा थांब असं त्या सांगणार नाहीत, तसा नियमच आहे. मी हसलो. इच्छेची माझ्याकडे कधी कमतरता नव्हती.

ही वहीही त्यांनीच दिली. रोज अकराला लिहायचं आणि खाली तल्लफेचा आकडा टाकायचा, शून्य ते दहा. आकड्यावर गोळ्या ठरतात. आज खरं तर चार होती. मी नऊ लिहिलं. मेकॅनिककडे गाडीचं दुखणं नेहमी दुप्पट करून सांगावं लागतं, नाहीतर तो बॉनेटसुद्धा उघडत नाही. ही सवय ड्रायव्हरची जन्मात जात नाही.

तल्लफ : ९

बुधवार, ८ जानेवारी

शेजारच्या खाटेवर बिरप्पा आहे, मंगळवेढ्याकडचा. मेंढरं विकून कारखान्यात लागला आणि रात्रपाळीत हे शिकला. माझ्याआधी दोन आठवडे आलाय. औषध कसं आहे विचारलं तर म्हणाला, लई झ्याक हाय, आता काय बी नको वाटतंय. मला त्याचा हेवा वाटला.

तल्लफ : ९

रविवार, १२ जानेवारी

तल्लफ खरंच गेली. बिस्किटाच्या पुड्यातला चंदेरी कागद हातात घेतला. आइस असल्याच कागदावर ओढायचो, पूर्वी तेवढ्यानं घसा कोरडा पडायचा. आज काही नाही.

जुलेखाला फोन केला. ती आधी रडली, मग अटी सांगितल्या. सव्वीस तारखेला, रविवारी, समराला घेऊन गेटपर्यंत येईल. मी आपल्या पायांनी खाली यायचं आणि पोरीला गड्ड्याच्या जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसवायचं. उतरलो तर तिघं मिळून घरी, नाहीतर नक्को, परत बोलावू नका. मी खूश आहे. इतका खूश कधी होतो ते आठवत नाही.

तोवर तल्लफ परत उलटायला नको, म्हणून आकडा तसाच ठेवला.

तल्लफ : ९

बुधवार, १५ जानेवारी

संक्रांतीची भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बिरप्पाची बायको केराबाई आली. दोन तास निंबाखाली बसून होती. बिरप्पा खिडकीतून तिच्याकडे बघत होता. जा की खाली, मी म्हटलं. व्हय, म्हणाला आणि बसून राहिला. रागावला नव्हता, विसरलाही नव्हता. ती माझी बायको केरा, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. फक्त उठला नाही. शेवटी तिनं फडकं सोनालीताईंच्या हातात दिलं आणि एस्टीला गेली.

भाकरी मी घेतली. पहिला घास छान लागला. दुसरा घ्यावासा वाटला नाही.

मला भीती वाटली.

शुक्रवार, १७ जानेवारी

सोनालीताईंना खरं सांगितलं, नऊ नव्हतेच म्हणून. त्यांचा चेहरा उतरला. गोळ्या आजपासून बंद, पण अंगात भिनलेलं उतरायला महिना तरी जाईल म्हणाल्या. मग बाहेर पडायचा कागद टेबलावर ठेवला. एजाजभाई, तुमची इच्छा हाय का जायची, त्यांनी विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या बराच वेळ उभ्या होत्या. सही करा म्हणायला मला येत न्हाय ओ, म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या.

कागद इथेच आहे.

सोमवार, २० जानेवारी

बिरप्पाला पाणी पाजलं. त्यानं ते गिळलं नाही. तोंडात तसंच धरलं, मग हनुवटीवरून ओघळलं. डोळे उघडे, शांत. स्ट्रेचरवरून शहरातल्या दवाखान्यात नेलं.

त्याची वही खाटेवर राहिली. शेवटचं पान पंधरा तारखेचं. अक्षर स्वच्छ. 'केरा आली हाय. मी खाली जा' — एवढंच. हात थरथरलेला नाही. नुसता थांबलाय.

गुरुवार, २३ जानेवारी

खोलीत एकटाच. फार एकटा आहे, असं लिहून ठेवतो, म्हणजे लक्षात राहील.

घसा सुकलाय ते कळतं. माठ दोन पावलांवर. सोनालीताई प्या म्हणाल्या की पितो. लिहा म्हणाल्या की लिहितो.

शनिवार, २५ जानेवारी

समरा समरा समरा. पानभर लिहिलं. तिचा पुढचा पडलेला दात आठवतो, बोबडा स आठवतो. सगळं आठवतं. पण —

भीतीही कमी होतेय. ती होती तोवर सोबत होती.

रविवार, २६ जानेवारी

आल्या.

जुलेखा हिरव्या ओढणीत. समरा लाल स्वेटरमध्ये, खिडक्या मोजतेय. मी तिसऱ्या खिडकीत. काच बंद. कडी हातभर लांब.

कागद कोपराशी. पेन हातात. सोनालीताई लिहा म्हणाल्या आणि गेल्या. दार उघडं आहे.

समराला दिसलो. दोन्ही हात हलवतेय.

बावीस पायऱ्या. पहिल्या दिवशी मोजल्या होत्या.

तल्लफ — दहा लिहायला हवं. खोटं तर खोटं. दहा लिहिलं तर कदाचित —

तल्लफ : ०

जुलेखानं घड्याळ बघितलं. पोरीचा हात धरला.

समरा मागे बघत चालतेय. पडेल. कुणीतरी मला ऊठ म्हणा. कुणीतरी म्हणा. मी हाक मा