पैसे आईचे, वसुली बाबांची

बाबा, तुमच्या विम्याचे पैसे आम्ही सरकारला दिले नाहीत. तुम्ही घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर होतात. त्या वर्षी भाव पडलेला, फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आणि हंगाम संपल्यावर केंद्रावरच्या कापसाच्या वजनात घट निघाली, ती तुमच्या नावावर चढली. चौकशी चालू असतानाच तुम्ही गेलात.

तेराव्याला काकांनी आपल्या रीतीप्रमाणे पंगतीत विचारलं, यांचं कुणाला काही देणं राहिलं असेल तर सांगा. पंगत जेवून उठली. दुसऱ्याच दिवशी तुमच्या कार्यालयाचा कागद आला: विम्याच्या रकमेतून वसुली करायला हरकत नाही, असं लिहून द्या. आईला वाटलं, पंगतीतल्या प्रश्नाचं हे उत्तरच आलं. मला न विचारता तिनं सही करून तो पाठवूनही दिला. मी चिडले, तर म्हणते, "माणूस गेला अन् मागं सरकारचं ठेवून गेला, असं कोणी म्हणलेलं मले नाही चालत." भाड्याचं घर, धाकट्याचं शिक्षण बाकी, आणि त्या विम्याशिवाय तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मी पॉलिसी काढून वाचली. तिला तुमच्या सहीचा एक वेगळा कागद जोडलेला: हा विमा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नीसाठी. यवतमाळच्या वकिलांनी सांगितलं, हे पैसे पहिल्या दिवसापासून आईचेच, तुमच्यावरची वसुली त्यांना लागत नाही. तुम्ही समजून सही केली की एजंटानं बोट ठेवलं तिथं केली, देव जाणे. तुमचा स्वभाव पाहता एजंटानं दाखवलं म्हणूनच केली असावी.

आईला घेऊन मी कार्यालयात गेले. साहेब फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "आईनं खुशीनं लिहून देल्लं, तुम्ही कायले मधात पडता?"

"वसुली बाबांची हाय, पैसे आईचे हाय. दोन्ही कागद एका टाचणीत लावू नका."

 मग आईनंच साहेबांकडे पेन मागितला आणि आपली संमती मागे घेतल्याचं लिहून दिलं. पैसे तिच्या नावावर आले. त्यातून दोन खोल्या झाल्या, तिथं ती शेवटपर्यंत कुणाची मिंधी न होता राहिली. हे मी आजही सगळ्यांना रंगवून सांगते, आणि मला त्याचा अभिमान आहे.

एक गोष्ट तेवढी गाळते. त्या हंगामात तुमचा डबा घेऊन मी केंद्रावर आले होते. अवकाळी पाऊस पडून गेलेला, गाड्या तीन दिवसांपासून उभ्या. तुम्ही एका गाडीत कोपरापर्यंत हात खुपसता, बाहेर काढता, ओला तळवा पँटला पुसता आणि चिठ्ठीवर कोरडा कापूस लिहिता. गाडीवाला तुमच्याकडे नुसता बघत राहतो. मग पुढची गाडी येते. तोच कापूस पुढे सुकला, आणि घट आली.

साहेबांसमोर मी ठासून सांगितलं की माझ्या बाबांची काही चूक नव्हती. तुम्ही जिवंत असता तर सगळी वसुली निमूट भरली असती, हे मला त्या टेबलापाशी उभी असतानाही माहीत होतं. आईला मी त्या ओल्या कापसाचं कधी सांगितलं नाही. तुम्हालाही हे पत्र पोचायची सोय नाही, एका परीनं बरंच आहे.